सांग्रिया कडू आणि पाणचट का होते: फळ आधी, वाईन नंतर, बर्फ बाहेर

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकला मे महिन्यातल्या एका शनिवारी आई-बाबांच्या लग्नाचा ४० वा वाढदिवस, संध्याकाळी ७ पासून गच्चीवर ३० माणसं, त्यातली १८-२० वाईन घेणारी. मागच्या उन्हाळ्यात एकदा सांग्रिया, म्हणजे वाईन आणि फळांचं गार स्पॅनिश पेय, करून झाली आहे. आदल्या रात्री संत्री, मोसंबी, सफरचंद सालीसकट चिरून वाईनमध्ये घातली, दुसऱ्या दिवशी भांड्यात बर्फ ओतला. चव कडवट लागली आणि तासाभरात पाणी पाणी झालं. वाईन तर महागाची, लाकडी पिंपात मुरवलेली आणली होती. मग चुकलं कुठे?

मी नाशिकच्या एका वायनरीत पाहुण्यांना वाईन चाखवण्याचं काम काही वर्षं केलं आणि आता बारा वर्षं घरगुती समारंभांची खानपान व्यवस्था बघतो. उन्हाळ्यात सांग्रियाची मागणी हमखास येते. त्यामुळे तुमचं वर्णन वाचताना प्रत्येक चूक ओळखीची वाटली. आदल्या रात्री भिजवलेली मोसंबी, महागाची वाईन आणि भांड्यात ओतलेला बर्फ, या तीन गोष्टींनी तुमची सांग्रिया बिघडवली. यातली एकही चूक तुमच्या हाताची नाही, तुम्ही वाचलेल्या रेसिपीची आहे. ती रेसिपी थंड हवेच्या, वेगळ्या संत्र्यांच्या देशातली असणार.

आधी कडूपणाचं बघू, कारण खरी अडचण तीच आहे.

तुम्ही कधी मोसंबीचा रस काढून दोन तास तसाच ठेवला आहे का? रसवंतीवाला आपल्याला लगेच प्यायला सांगतो, ते उगाच नाही. रस निघताना फळाच्या पेशी फुटतात, आणि आधी बेचव असलेला एक घटक आंबट रसात हळूहळू लिमोनिन नावाच्या कडू पदार्थात बदलतो. ताजा रस गोड लागतो, तोच रस संध्याकाळी कडू. बियांमध्ये आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात हा कडूपणा सगळ्यात जास्त. आता अशी मोसंबी पांढऱ्या भागासकट, बियांसकट रात्रभर वाईनमध्ये ठेवली, तर काय होईल? वाईन मुळात आंबट, त्यात १२-१३ टक्के मद्यार्क. पाण्यापेक्षा मद्यार्क हा कडूपणा जास्त चांगला ओढून घेतो. तुम्ही नकळत मोसंबीच्या सालीचा काढा केला. नागपुरी संत्र्याचंही तेच. साल सैल असते म्हणून सोलायला सोपं, पण बिया भरपूर, आणि एक बी जरी चिरली गेली तरी भांड्याला कळतं.

स्पेनमध्ये संत्रं घालतातच की, असं तुम्ही म्हणाल. घालतात. सांग्रियाचा गाभाच तो आहे. युरोपीय संघाच्या २०१४ च्या नियमांत सांग्रियाची व्याख्या दिलेली आहे: वाईन, तिला लिंबूवर्गीय फळांच्या नैसर्गिक अर्काचा स्वाद, हवे असल्यास त्या फळांचा रस, मसाले आणि वायू, आणि मद्यार्क ४.५ टक्क्यांपेक्षा कमी नाही, १२ टक्क्यांच्या आत. रंग फक्त घातलेल्या पदार्थांचाच असला पाहिजे. आणि तिथे बाटलीवर नुसतं 'सांग्रिया' असं लिहून विकायचं तर ती स्पेन किंवा पोर्तुगालमध्येच बनलेली असावी लागते. सफरचंद, पीच, द्राक्षं ही सगळी पाहुणी मंडळी. संत्रं आणि लिंबू घरचे. म्हणून संत्रं वगळायचं नाही, त्याचं कडू वगळायचं.

त्यासाठी संत्र्याचे तीन भाग वेगळे वागवा. वरची रंगीत साल पिलरने पातळ काढायची, इतकी पातळ की मागच्या बाजूला पांढरं दिसता कामा नये. सगळा सुगंध त्या रंगीत सालीतल्या तेलात असतो. मग फळ सोलून पांढऱ्या शिरा आणि बिया काढून गराच्या फोडी करायच्या. आणि जो रस वापरायचा तो वेगळा, ताजा, वाईन ओतायच्या वेळी काढायचा. मोसंबी मी सांग्रियात घालतच नाही. अगदीच हवी असेल तर ग्लासात वाढताना एक पातळ चकती, तीही दिसण्यासाठी. मेमध्ये नागपुरी संत्री संपत आलेली असतात. मिळाली तर आतून सुकलेली निघतात. त्यापेक्षा बाहेरून आलेली घट्ट सालीची संत्री घ्या, पण त्यांच्यावर मेणाचा थर असतो. कोमट पाण्यात धरून मिठाने चोळून धुवा आणि मगच साल काढा.

कागदी लिंबाची साल फार जपून. तिचा वास तिखट आणि चव लवकर कडू. दोन बाटल्यांना अर्ध्या लिंबाची साल पुरे, आणि रस शेवटी चवीनुसार.

आता क्रम. तुम्ही फळ वाईनमध्ये घातलंत. मी आधी फळ साखरेत घालतो. आपल्या घरी साखरांबा करताना फोडींना साखर लावून ठेवतात आणि थोड्या वेळाने तळाला रस सुटलेला दिसतो, तेच इथे करायचं. संत्र्याची आणि लिंबाची साल ६० ग्रॅम साखरेत बोटांनी चोळा. साखरेचे दाणे सालीवर खरखरतात, तेल बाहेर येतं आणि साखर ओली, पिवळसर होते. हा वास एकदा घेतलात की पुन्हा कधी नुसती साखर घालणार नाही. त्यावर सफरचंदाच्या, पीचच्या फोडी, झाकण ठेवून फ्रिजमध्ये दीड-दोन तास. फळाचा रस साखरेत उतरतो, साखर विरघळते आणि थंड वाईनमध्ये तळाला साखर बसण्याचा प्रश्नच राहत नाही. मग सालीचे तुकडे उचलून टाकून द्यायचे. त्यांचं काम झालेलं असतं, आणि पुढे ते फक्त कडूपणा देतील.

वाईन यानंतर ओतायची, आणि फळ वाईनमध्ये तीन ते चार तास, त्याहून जास्त नाही. रात्रभर मुरवण्याने स्वाद वाढतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. माझ्या अनुभवात चार तासांनंतर सफरचंद मऊ पडतं, पीच तुटायला लागतो, वाईनचा स्वतःचा ताजेपणा जातो, आणि बदल्यात मिळतं ते फारसं नसतं. आदल्या रात्रीची सांग्रिया वाईट असतेच असं नाही, पण दुपारची चांगली असते.

दालचिनी घालायची असेल तर दोन इंचांचा एकच तुकडा, तोही वाईन ओतल्यावर दोन तासांनी काढून टाकायचा. आपल्याकडे वाण्याकडे मिळणारी जाड, कडक सालीची दालचिनी फार जोरकस असते, सगळ्या फळांवर मात करते. लवंग, वेलची मी घालत नाही. तो मसाल्याच्या चहाचा वास होतो आणि मग वाईन कुठली, फळ कुठलं, काही समजत नाही.

महागाच्या वाईनबद्दल. लाकडी पिंपात मुरवलेली, दाट, तुरट लाल वाईन जेवणाबरोबर, कोंबडी-मटणाच्या रश्श्याबरोबर छान. तीच गार केली की तुरटपणा आणि लाकडाचा कडूपणा पुढे येतो, गोडवा आणि सुगंध मागे जातो. थंडपणाचा जिभेवर असाच परिणाम होतो. ज्या गोष्टीसाठी तुम्ही पैसे मोजले ती गोष्टच सांग्रियाच्या विरोधात गेली. सांग्रियाला तरुण, फळांचा वास असलेली, कमी तुरट लाल वाईन हवी. स्पेनमध्ये गार्नाचा किंवा न मुरवलेली टेंप्रानियो वापरतात. आपल्याकडे झिनफँडेल उत्तम, पिंपात न मुरवलेली शिराझ चालते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजला होणाऱ्या सांजोव्हेसेचा आंबटपणा सांग्रियात फार उपयोगी पडतो. काबेर्ने सोव्हिन्यों मात्र नको. 'रिझर्व्ह' लिहिलेली बाटली या कामासाठी घेऊ नका, ती जेवणाच्या टेबलावर ठेवा.

याचा अर्थ कुठलीही स्वस्त बाटली चालेल असा नाही. फळांत वाईट वाईन लपते, हा समज मला मनापासून खोडून काढायचा आहे. खराब झालेल्या वाईनचा शिळा, उकडलेल्या फळासारखा वास संत्र्याने झाकत नाही, उलट दोन्ही वास एकत्र येऊन जास्त लागतात. आणि उन्हाळ्यात आपल्याकडे बाटल्या खराब होतात त्या दुकानात आणि गाडीत. काउंटरवर उन्हात उभी ठेवलेली बाटली घेऊ नका. बूच बाहेर ढकललेलं दिसलं किंवा त्याच्याखाली चिकट ओघळ दिसला तर ती बाटली तापली आहे. शक्य असेल तर फिरकीच्या झाकणाची घ्या. आणि घेतल्यावर गाडीच्या डिकीत ठेवून बाजार करत फिरू नका. मेमध्ये दुपारी बंद गाडीत जे होतं ते कोणत्याही वाईनला सोसत नाही. पांढरी आणि गुलाबी वाईन असेल तर लेबलवर द्राक्षांचं वर्ष बघा, दोन वर्षांपेक्षा जुनी नको. आपल्याकडे वाईनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडली जातात, त्यामुळे मागच्या वर्षीची पांढरी वाईन मेमध्ये अगदी प्यायच्या वयाची असते.

काहीजण गोव्याहून आणलेली गोड पोर्ट वाईन वापरतात. तिची सांग्रिया होते, पण साखर अजिबात घालायची नाही, लिंबू दुप्पट आणि सोडा दीडपट. नाहीतर सरबत होतं.

बर्फाचा हिशोब करून दाखवतो, कारण तो समजला की सगळं समजतं. ३० अंशांवरची अडीच लिटर सांग्रिया ६ अंशांवर आणायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे अडीच लिटरमध्ये तुम्ही तीन ग्लास पाणी ओतलंत. पहिल्या घोटाला गार लागलं, तोवर पाव हिस्सा पाणी आत गेलेलं. शिवाय गच्चीवर उष्मा, फरशी तापलेली, त्यामुळे वितळणं थांबत नाही. बर्फ कमी टाकून हा प्रश्न सुटत नाही. बर्फाला गार करण्याचं काम उरूच द्यायचं नाही. बाटल्या, सोडा, फळं, अगदी ज्यात करायची ते भांडंसुद्धा आदल्या रात्रीपासून फ्रिजमध्ये. ५ अंशांची सांग्रिया गच्चीवर आणली की तिला फक्त गार ठेवायचं असतं. त्यासाठी मोठं घमेलं किंवा परात घ्या, त्यात बर्फ आणि दोन मुठी जाडं मीठ, आणि त्यात सांग्रियाचं भांडं उभं करा. मिठाने बर्फ शून्याच्याही खाली जातो. हॅन्डलच्या पॉटमध्ये घरी आइस्क्रीम फिरवलेल्यांना हे सांगायला नको.

भांड्याच्या बाबतीत एक सक्त सूचना. समारंभ म्हणून घरातलं पितळी पातेलं किंवा तांब्याचा हंडा काढावासा वाटतो, दिसायलाही सुंदर. काढू नका. वाईन आणि लिंबू दोन्ही आंबट, धातू त्यात उतरतो, चव बिघडते आणि पोटालाही ते बरं नाही. कल्हई असली तरी नको. ॲल्युमिनियमचा दुधाचा कॅनही नको. काच किंवा स्टेनलेस स्टील. खाऱ्या बर्फात ठेवायला स्टील जास्त चांगलं, थंडावा लवकर आत जातो. मातीच्या माठाची कल्पना दरवर्षी कुणीतरी मांडतं. माठ झिरपतो, वास धरतो, आणि नंतर त्यातलं पाणी महिनाभर वाईनचं लागतं.

ग्लासात काहीतरी गार तरंगायला हवं असतं, ते मलाही मान्य. त्यासाठी नाशिककरांकडे जे आहे ते स्पेनमध्येही हेवा वाटावा असं. एप्रिलमध्ये बाजारातली शेवटची बिनबियांची द्राक्षं घ्या, थॉम्सन, सोनाका किंवा काळी शरद. देठ काढून, धुऊन, कोरडी पुसून ताटात एकेक वेगळी पसरा आणि फ्रीझरमध्ये घट्ट झाली की पिशवीत भरून ठेवा. प्रत्येक ग्लासात पाच-सहा. ती वितळली तरी पाणी होत नाही, आणि शेवटी खायला मिळतात. ओली ठेवलीत तर मात्र एकमेकांना चिकटून गोळा होतो. संत्र्याचा गाळलेला रस बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवला तरी चालतो, पण तो त्याच दिवशीचा हवा.

आता तुमच्या माणसांचं प्रमाण. दोन बाटल्या लाल वाईन म्हणजे १५०० मिली, २०० मिली ताजा संत्र्याचा रस, वर सांगितलेली ६० ग्रॅम साखर आणि एका लिंबाचा रस, फळं साधारण ५०० ग्रॅम, आणि वाढायच्या वेळी ६०० मिली साधा सोडा. साधारण २.४ लिटर पेय, १८० मिलीचे तेरा ग्लास. २० जणांना दोन-दोन ग्लास धरले तर असे तीन घाणे, म्हणजे सहा बाटल्या. मी चार लाल आणि दोन पांढऱ्या आणायला सांगेन. बाजूला १०० ग्रॅम साखर १०० मिली पाण्यात विरघळवून पाक गार करून ठेवा, गोडी कमी वाटली तर तोच वापरायचा. आणि चव घ्यायची ती पेय पूर्ण गार झाल्यावरच. कोमट असताना बेताची गोड लागलेली सांग्रिया गार झाल्यावर आंबट लागते, म्हणून कोमट असतानाच गोडीचा अंदाज घेणारे नंतर पस्तावतात.

ब्रँडी घालावी का? स्पेनमध्ये बऱ्याच घरांत घालतात. तुमच्या समारंभाला मी नको म्हणेन, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. वरच्या घाण्यात मद्यार्क ८ टक्क्यांच्या आसपास येतो, म्हणजे स्ट्राँग बिअरइतका. १८० मिलीच्या ग्लासात साधारण १४ मिली मद्यार्क. आपल्याकडच्या ४२.८ टक्क्यांच्या व्हिस्कीच्या ३० मिली पेगमध्ये साधारण १३ मिली असतो. म्हणजे एक ग्लास सांग्रिया एका छोट्या पेगपेक्षा किंचित जास्तच. पण पेग पिताना माणसाला आपण काय पितोय ते कळत असतं. सांग्रिया तहान लागल्यासारखी प्यायली जाते. १०० मिली ब्रँडी घातलीत की तेच प्रमाण ९ टक्क्यांच्या वर जातं आणि चवीत कळतही नाही. उन्हाळा, गच्ची, साठीच्या पुढची नातेवाईक मंडळी, नंतर गाडी चालवत परत जाणारे. ब्रँडी राहू द्या. गाडी चालवणाऱ्यांना आधीच पन्हं द्या आणि सांगून द्या.

इथे एक प्रसंग सांगतो, कारण तेव्हापासून मी या बाबतीत कडक झालो. एका साखरपुड्यात लाल सांग्रियाच्या शेजारी तशाच काचेच्या जगात मुलांसाठी कोकम सरबत ठेवलेलं होतं. रंग अगदी एक. एका आजींनी नातवाला ग्लास भरून दिला तो चुकीच्या जगातून. वास आला म्हणून वेळेत लक्षात आलं. त्याच संध्याकाळी रिकाम्या झालेल्या सांग्रियाच्या भांड्यातली फळं चमच्याने खाताना सात-आठ वर्षांची एक मुलगी सापडली. चार तास भिजलेल्या सफरचंदात वाईन पुरेपूर असते, आणि लहान मुलाला ते गोड फळच वाटतं. म्हणून आता माझ्या टेबलावर मुलांचं पेय लाल नसतं. मे महिना आहे, कैऱ्या आहेत, पन्हं करा. पिवळं, वेलची-केशराचं, वेगळ्या टेबलावर, वेगळ्या आकाराच्या भांड्यात. आणि सांग्रियाचं भांडं संपलं की फळांसकट लगेच स्वयंपाकघरात.

घरी न करता हॉलवर करायचं ठरलं तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा तात्पुरता परवाना लागतो, तो आधी काढून ठेवा. महाराष्ट्रात वाईनसाठी वयाची अट २१ आहे, कॉलेजातली भाचरं असतील तर ध्यानात ठेवा.

फळांचं निवडणं हा या सगळ्यातला माझा आवडता भाग. स्पेनमधल्या उन्हाळ्यात पीच मुबलक, म्हणून तो सांग्रियात. आपल्याकडे हिमाचलचे पीच आणि आलुबुखार मेच्या उत्तरार्धात बाजारात दिसू लागतात. मिळाले तर घ्याच, थोडे कडक बघून. सफरचंद कडक हवं, भुसभुशीत नको. केळं नको, ते बुळबुळीत होतं. कलिंगड लाल वाईनमध्ये नको, तेही पाणीच आहे. गुलाबी वाईन असेल तर मात्र कलिंगडाचे चौकोनी तुकडे गोठवून घाला, दिसायला आणि चवीलाही फार छान. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी मेपर्यंत ताजी राहत नाही. मार्चमध्ये गोठवून ठेवली असेल तर ती शेवटी घाला, नाहीतर लगदा होतो.

आणि करवंदं. मेमध्ये त्र्यंबक-इगतपुरीच्या रस्त्यांवर आदिवासी बायका पानांच्या द्रोणांत काळी करवंदं विकतात. दोन द्रोण घ्या. चीक असतो, म्हणून कोमट पाण्यात दोनदा धुवा, उभी चिरून बिया काढा आणि संत्र्याच्या सालीबरोबर साखरेत ठेवा. लाल वाईनला त्यांनी गडद रंग येतो आणि एक रानाचा आंबटपणा, जो लिंबाने कधीच येत नाही. त्या दिवशी लिंबू निम्मं करा. स्पेनच्या माणसाला ही सांग्रिया ओळखू येईल, पण तिची चव त्याने कधी घेतलेली नसेल.

हापूसबद्दल विचारणारच तुम्ही. लाल वाईनमध्ये हापूस घालू नका. रंग मातकट होतो आणि दोन्हींची चव एकमेकांना मारते. पांढऱ्या दोन बाटल्या त्यासाठीच आणायला सांगितल्या. शेनिन ब्लां घ्या, तिच्यात मुळातच पिकलेल्या फळांचा वास असतो आणि थोडी गोडी असते. अर्धा अननस बारीक चिरून ३० ग्रॅम साखरेत तासभर, त्यावर वाईन, दोन तास फ्रिजमध्ये. हापूसच्या दोन घट्ट फळांचे चौकोनी तुकडे आदल्या दिवशी ताटात गोठवून ठेवलेले असतील, ते वाढताना थेट ग्लासात. आधी घातले तर विरघळून रस होतो आणि पेय गढूळ. अगदी मऊ झालेले आंबे आमरसाला ठेवा, हे त्यांचं काम नाही. पुदिन्याची चार पानं हातावर एकदा थोपटून वर टाका. ठेचलीत तर काळी पडून गवताचा वास येतो. सोडा ५०० मिली. पांढऱ्या वाईनच्या अशा पेयाला अर्जेंटिना आणि उरुग्वेमध्ये क्लेरिको म्हणतात, तिथे ते त्यांच्या उन्हाळ्यात, म्हणजे नाताळच्या सुमाराला पितात.

सोडा नेहमी शेवटी, गार, आणि भांड्याच्या कडेने. पळीने तळापासून एकदाच वर आणा, ढवळत बसू नका. तीन घाण्यांत एकदम सोडा घालू नका. एक संपत आला की दुसऱ्यात. दुपारी १ ला फळं साखरेत, ३ ला वाईन, ५ ला दालचिनी बाहेर, ६ ला चव बघून लिंबू किंवा पाक, ७ ला सोडा. एवढंच वेळापत्रक. खाणं मात्र पेयाच्या आधी फिरवा: अळूवडी, कोथिंबीर वडी, भाजलेले खारे शेंगदाणे. झणझणीत काही नको, मद्याने तिखट आणखी भाजतं.

वाढायला ज्या जगाची चोच आत दाबलेली असते तो मिळाला तर बघा. स्पेनच्या सांग्रियाच्या जगांना तशी चोच असते, बर्फ आणि फळं आत अडतात आणि पेय स्वच्छ पडतं. नसेल तर लाकडी डाव आडवा धरायचा. फळं नंतर प्रत्येकाला चमच्याने थोडी थोडी.

पाहुणे वाढले आणि सहा बाटल्या संपल्या तर घाबरू नका. स्पेनमध्ये सांग्रिया बरीचशी पर्यटकांसाठी असते. रोजच्या उकाड्यात तिथली माणसं तिंतो दे वेरानो मागवतात, म्हणजे उन्हाळ्यातली लाल वाईन. अर्धी लाल वाईन, अर्धा किंचित गोड सोडा, लिंबाची चकती, बर्फ. दहा सेकंदांत तयार. आपल्याकडे साधा सोडा, चमचाभर तुमचा पाक आणि लिंबू पिळून तेच होतं. म्हणून घरात दोन बाटल्या झिनफँडेल जास्तीच्या गार करून ठेवा. उघडल्या नाहीत तर त्या कुठे जात नाहीत.

उरलेली सांग्रिया सोड्याशिवायची असेल तर गाळून, झाकण लावून फ्रिजमध्ये दुसऱ्या दिवशीपर्यंत ठीक. सोडा घातलेली टाकून द्या. गाळलेल्या लाल सांग्रियातली फळं थोड्या साखरेबरोबर मंद आचेवर दाट होईपर्यंत शिजवली तर व्हॅनिला आइस्क्रीमवर फार सुंदर लागतात. शिजवल्याने सगळा मद्यार्क जात नाही, तेव्हा ती वाटी मोठ्यांचीच.